गरुडाच्या पायातला आकडा

आउने कार्वोनेनला फोटो काढणारी माणसं मुळीच आवडत नसत, आणि तिचा सगळा हिवाळा त्यांच्याच संगतीत जाई. कुसामोपासून तासाभरावर, दलदलीच्या कडेला तिचं दडून बसायचं लाकडी लपण होतं. त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेत ती गाडीखाली आलेलं रेनडिअर नाहीतर खाटकाकडचं डुक्कर टाकून ठेवी, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिथे सोनेरी गरुड उतरत. त्यांचे फोटो काढायला हेलसिंकीहून, जर्मनीहून, कुठून कुठून लोक येत. उजाडायच्या आत लपणात शिरायचं, अंधारल्यावर बाहेर यायचं, मधल्या वेळात खोकलासुद्धा गिळायचा, एवढेच नियम. तेही निम्म्यांना जमत नसत. आउनेच्या मते या लोकांत दोन जाती होत्या. एकीला पक्ष्यांतलं काही कळत नसे, आणि दुसरीला कॅमेऱ्यातलंही नाही.

डॉक्टर इल्मो वुओरेला दुसऱ्या जातीचा. ओउलूला तीस वर्षं लोकांचे डोळे तपासून निवृत्त झालेला, उंच, गुलाबी, नेहमी नुकतीच दाढी केल्यासारखा दिसणारा माणूस. त्या वर्षी त्याने नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत तळ्यापलीकडचं लाकडी घर भाड्याने घेतलं होतं. त्याच्या लेन्सची नळी दुधाच्या किटलीएवढी जाड होती आणि बर्फात उठून दिसू नये म्हणून तिला पांढरा अंगरखा शिवलेला होता. तो अंगरखा पाहिला तेव्हाच आउनेने ओळखलं, की या गृहस्थाने शिंप्याशी बसून तासभर चर्चा केली असेल, पण कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक अजून प्लास्टिकमध्येच असेल.

रोज दुपारी चारच्या सुमाराला तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसे, लॅपटॉप उघडे आणि रडगाणं सुरू करी. फोटो रवाळ येतात. गरुडाच्या पाठीवर रवा, जंगलावर रवा, बर्फावरसुद्धा रवा, जसा काही कुणी वरून चाळणीने भुरभुरला आहे. सेन्सर सदोष आहे, असं त्याचं ठाम मत होतं. नोव्हेंबरात त्याने कॅमेरा दुरुस्तीला पाठवला होता. दोष सापडला नाही, अशी चिठ्ठी घेऊन तो परत आला. मग त्याने तो पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदाही चिठ्ठी आली तेव्हा त्याने नवा कॅमेरा घेतला, आणि आता त्याच्यातही रवा होता.

एका गुरुवारी मटारचं सूप ढवळता ढवळता आउनेने अखेर विचारलं, "गरुड काय करत होता?"

"बसला होता."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं तरी. अगदी पुतळ्यासारखा."

"मग शटर चार हजारावर कशाला ठेवलंत, डॉक्टर? पुतळा पळून जाईल अशी भीती वाटली?"

डॉक्टर म्हणाला की एका मासिकात वाचलं होतं, पक्ष्यांसाठी शटर वेगवान हवं. आउनेने सुपाची पळी खाली ठेवली आणि शाळेतल्या मठ्ठ पोराला सांगावं तसं सांगितलं. डिसेंबरात इथे उजेड असतो साडेचार तास, आणि तोही ताकात पाणी घातल्यासारखा. शटर एवढं झटकन मिटलं की त्यातला थेंबभर उजेड आत येतो. मग कॅमेरा बिचारा तो थेंब फुगवतो. लांबचं स्टेशन नीट ऐकू येत नाही म्हणून रेडिओ मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसा हा रवा. त्यावर डॉक्टरने लेन्सला आणखी एक जोडभिंग लावलेलं, ते उरलेला उजेड खातं. बर्फाच्या झगमगीने कॅमेरा फसतो आणि चित्र काळपट काढतो, ते हा माणूस घरी येऊन कॉम्प्युटरवर उजळतो, म्हणजे खरखर पुन्हा मोठी. आणि शेवटी साठ मीटरवरचा गरुड मोठा दिसावा म्हणून चित्राच्या चारी बाजू कापून टाकतो.

"सेन्सर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "बिघाड त्याच्या मागे उभा असतो."

डॉक्टरने सूप संपवलं, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार हजारावरच फोटो काढले. आउनेने त्याच्यावर आणखी शब्द खर्च केले नाहीत. माणूस एवढा शिकलेला असला की त्याच्या डोक्यात नवीन काही ठेवायला जागा उरत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

आठवड्याने तो आला तो दारातूनच हसत. ओउलूतल्या कुणा मित्राने त्याला कॉम्प्युटरचा एक नवा प्रोग्राम दिला होता. एक बटण दाबायचं, मिनिटभर थांबायचं, रवा गायब. त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवून तिच्याकडे वळवला.

चित्र गुळगुळीत होतं. मागचं जंगल इस्त्री केल्यासारखं, बर्फ साबणाच्या वडीसारखा, गरुडाचं एकेक पीस विंचरलेलं. आउनेच्या जिभेवर एक शब्द तयारच होता. तो बाहेर पडायच्या आत तिची नजर गरुडाच्या डाव्या पायावर गेली. पायात लाल कडं होतं, आणि त्यावर पांढऱ्या आकड्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं: ५०८.

ती खुर्चीवर बसली.

ते कडं तिनेच घातलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा ती आणि तिचा नवरा काउको उन्हाळाभर गरुडांची घरटी हिंडत आणि पिल्लांच्या पायांत ओळखीच्या आकड्यांची कडी घालत. काउको झाडावर चढे, पिल्लू पिशवीत घालून दोरीने खाली सोडी, आणि खाली आउने ते मांडीवर घेऊन काम उरकी. त्या दिवशीच्या पाइनवर दोन पिल्लं होती. थोरलं गलेलठ्ठ. धाकट्याच्या डोक्याची पिसं थोरल्याने टोचून टोचून उपटलेली, मान लुळी, नख्यांत जोर नाही. गरुडांच्या घरात धाकट्याचं बहुतेक असंच होतं. आउने खालून ओरडली होती, की हे आठवडासुद्धा काढणार नाही, कडं वाया जाईल. वरून काउको म्हणाला होता, "घाल गं. हा जगतो की नाही बघ."

त्यानंतर दरवर्षी, कुठे कुठे कोणती कडी दिसली याची यादी आली की काउको आधी ५०८ शोधायचा. ते कधीच नसे. आउने दरवर्षी काहीतरी टोचून बोलायची आणि तो दरवर्षी म्हणायचा, अजून कुणी पाहिलं नसेल. चार वर्षांपूर्वी लाकडं फोडता फोडता तो कोसळला आणि गेला. त्या वर्षीची यादी आउनेने एकटीने वाचली. काउको बरोबर ठरला असे प्रसंग त्यांच्या संसारात फार थोडे होते, कारण आउनेने ते ठरू दिले नव्हते.

आता त्याचा गरुड बर्फात उभा होता, भरल्या अंगाचा, बावीस वर्षांचा.

त्याच संध्याकाळी तिने कड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या हेलसिंकीच्या कार्यालयाला कळवलं आणि फोटो जोडला. मूळ फोटो बघू द्या, असं तिने डॉक्टरला म्हटलं नाही. पुढचे चार दिवस ती स्वतः दुर्बीण घेऊन लपणात बसली, पण नुसता बर्फ पडत राहिला आणि गरुड आला नाही. कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र आलं. गावच्या साप्ताहिकाने पहिल्या पानावर बातमी छापली, त्यात डॉक्टरचं नाव तिच्या नावाच्या आधी होतं, आणि तिला त्याचाही राग आला नाही. गिऱ्हाइकाचा एकही फोटो तिने आजवर घरात लावला नव्हता. हा तिने जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला लावला.

शनिवारी ताइस्तो डुक्कर घेऊन आला. ताइस्तो शेजारचा, रेनडिअर पाळणारा, आउनेहून दोन वर्षांनी मोठा. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हापासून आजवर त्याच्या डोक्यात एकही नवा विचार आलेला नाही, असं ती त्याच्या तोंडावर म्हणे. तो कधी रागवत नसे. आजही त्याने बर्फाच्या स्कूटरमागून डुक्कर सोडवलं, हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसला. तिने राय धान्याची भाकरी आणि कॉफी पुढे ठेवली. तो खात खात भिंतीकडे बघत राहिला. भाकरी संपली तरी बघत होता.

"आउने," तो म्हणाला, "गरुडाला बोटं किती असतात?"

"चार. पुढे तीन, मागे एक. साठ वर्षं इथे काढलीस ना?"

"हं." त्याने कॉफी बशीत ओतली, फुंकली. "मग याला पुढे चार कशी?"

ती म्हणाली की चष्मा लाव. तो म्हणाला की लावलाय. ती म्हणाली की मग काढ. तो नुसता कॉफी पीत राहिला, आणि त्यामुळेच तिला उठावं लागलं. तिने फोटो भिंतीवरून काढला आणि खिडकीपाशी नेला.

डावा पाय. लाल कडं. त्याच्याखाली बर्फावर टेकलेली बोटं, प्रत्येकाला काळी चकचकीत नखी. एक, दोन, तीन, चार. आणि मागे एक.

तिने दोनशेहून जास्त गरुडांचे पाय हातात धरले होते. नख्यांचे व्रण अजून तिच्या मनगटावर होते. आणि हा पाय दहा दिवस तिच्या ताटासमोर टांगलेला होता, आणि ते दिसायला ताइस्तो यावा लागला. तिला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

ताइस्तो टोपी घालून निघाला. दारात थांबून म्हणाला, "काहीतरी सावली असेल."

"सावलीला नखी नसते," आउने म्हणाली.

तो गेल्यावर तिने पायाने रेटायची घसरगाडी काढली आणि गोठलेलं तळं ओलांडून डॉक्टरचं घर गाठलं. तो लोकरी मोजे घालून शेकोटीजवळ बसला होता. तिने मूळ फोटो मागितला. तो जरा घुटमळला. म्हणाला, त्यात रवा फार आहे हो, दाखवण्यासारखा नाही. ती म्हणाली, "दाखवण्यासारखा तुम्ही दाखवलातच. आता आहे तसा दाखवा."

त्याने फोटो उघडला. गरुड ओळखू येत होता, पण नुसता आकार. काळपट, खरखरीत, जणू जाड काचकागदावर छापलेला. तिने पाय मोठा करायला लावला. तो मोठा करत गेला तसतसा पाय विरघळत गेला. कड्याच्या जागी एक तांबडा डाग होता आणि त्यात सात-आठ पांढुरके ठिपके, काही तर डागाच्या बाहेर. बोटं किती होती हे सांगणं शक्यच नव्हतं. आकडा तिथे नव्हताच.

"मग पाचशे आठ आलं कुठून?" डॉक्टरने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

आउनेने सांगितलं. तुमच्या त्या प्रोग्रामने आजवर हजारो स्वच्छ चित्रं चघळली आहेत. त्याला एक डाग दिला की तो ठरवतो, इथे बहुधा आकडा असावा, आणि एक छानसा आकडा काढून देतो. इथे बहुधा बोट असावं, म्हणून बोट काढून देतो. रवा पुसत नाही तो. रव्यावर रंग देतो.

डॉक्टरचा गुलाबी चेहरा उतरला. "मी फक्त बटण दाबलं हो," तो म्हणाला.

यावर बोलण्यासारखं आउनेकडे पुष्कळ होतं. तीस वर्षं रुग्णांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस स्वतः काय वाचतो हे बघत नाही, इथपासून सुरुवात करता आली असती. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण कार्यालयाला पत्र डॉक्टरने पाठवलं नव्हतं. खाली सही तिची होती. मूळ फोटो बघितल्याशिवाय कड्याची नोंद धाडणाऱ्या माणसांना ती आयुष्यभर काय काय म्हणत आली होती, ते सगळे शब्द तिला एकदम आठवले, आणि ते आता दुसऱ्या कुणाला लागू करता येईनात.

"उद्या पहाटे सहाला लपणापाशी या," ती म्हणाली. "आणि मी सांगेन तेवढंच करायचं."

तिने आधी डुक्कर हलवलं. साठ मीटरवरून वीस मीटरवर आणलं, आणि चरबीचा मोठा तुकडा एका आडव्या ओंडक्यावर खिळ्याने ठोकला, म्हणजे गरुड वर बसेल आणि पाय बर्फात बुडणार नाहीत. लपणात डॉक्टरने सवयीने गॅसची शेगडी पेटवली. तिने ती विझवली. आतली ऊब खिडकीतून बाहेर पडते आणि लेन्ससमोर हवा थरथरते, सगळं चित्र पाण्याखालून पाहिल्यासारखं येतं. जोडभिंग काढायला लावलं. लेन्सखाली वाटाण्याची पिशवी ठेवली. शटर अडीचशेवर आणलं. बर्फ राखाडी नको, पांढरा दिसायला हवा, तिथपर्यंत उजेड वाढवायला लावला.

"हलेल ना अशाने," डॉक्टर कुजबुजला.

"चाळीस फोटोंत दोन हलणार नाहीत. आपल्याला एक पुरे."

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी डोमकावळे आले, दिवसभर भांडले आणि गेले. दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते, पायांवर रेनडिअरची कातडी, थर्मासमधली कॉफी कोमट झालेली. आउने दुर्बिणीला कधी हा डोळा लावी, कधी तो, आणि मधूनच डोळे चोळी. डॉक्टर बऱ्याच वेळापासून दलदलीऐवजी तिच्याकडेच बघत होता.

"डावा डोळा कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"पुढे बघा."

"दिव्याभोवती वलय दिसतं? अंधारात गाडी चालवणं सोडलंत ना?"

तिने सोडलं होतं, मागच्या हिवाळ्यापासून. पण कुणाला सांगितलं नव्हतं. पहाटे लपणाकडे येतानाही ती चालतच यायची आणि लोकांना सांगायची की इंजिनाच्या आवाजाने पक्षी बिथरतात.

"मोतीबिंदू आहे," डॉक्टर म्हणाला. आता त्याचा आवाज वेगळा होता, कोरडा आणि पक्का, रडगाण्याचा नव्हे. "दोन्हीकडे. डावा जास्त. वीस मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही वर्षभर भिंती चाचपत बसला आहात. माझ्याकडे असे पेशंट यायचे. सगळ्यांना सगळं माहीत असायचं."

आउनेने दुर्बीण खाली घेतली. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली, "म्हणजे ती बोटं मला त्यामुळे..."

"नाही, बाई," तो म्हणाला. "एवढ्या मोतीबिंदूला बोटं मोजता येतात."

तिने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. असं तोंडावर सांगायचं तर ते तिनेच, हा इथला रिवाज होता. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिच्या मनात आलं, की या माणसाला एक गोष्ट तरी नीट येते.

तिसऱ्या दिवशी सव्वाअकराला डोमकावळे एकदम उडाले. गरुड दक्षिणेकडून खालून आला आणि ओंडक्यावर बसला. पंख मिटताना त्याने बर्फाची धूळ उडवली, मग मान वळवून थेट खिडकीकडे पाहिलं. डॉक्टरचा श्वास अडकलेला आउनेला ऐकू आला. तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला, म्हणजे थांबा. गरुडाने चरबीत चोच घातली. डावा पाय ओंडक्यावर पुढे आला, पायजम्यासारखी पिसं वर सरकली, लाल कडं उघडं पडलं. तिने हात काढला. शटर एकसारखं वाजू लागलं, सावकाश, दर दोन सेकंदांनी एक, तिने शिकवलं होतं तसं. आउनेच्या दुर्बिणीत कड्यावरचे आकडे दुधात बुडालेले होते. ते तिला वाचता आले नाहीत, आणि तिने ते मान्य केलं.

त्या दुपारी त्यांनी लॅपटॉप स्वयंपाकघरात उघडला. एकेचाळीस फोटो. बहुतेक किंचित हललेले. एकोणतिसावा हलला नव्हता. रवा त्यातही होता, जंगलावर तर चांगलाच जाड. पण पाय पाय होता. बोटं पुढे तीन आणि मागे एक होती, एक नखी टोकाला तुटलेली. आणि कड्यावर, रव्यातून, कुणीही वाचावं असं: ६०३.

सहा आणि पाच, तीन आणि आठ. दुरून हे आकडे भावंडांसारखेच दिसतात. आउनेने डॉक्टरला तो मोठ्याने वाचायला लावला, मग पुढचे दोन-तीन फोटो उघडायला लावले. तिथेही सहाच होता आणि तिथेही तीनच.

तिने डॉक्टरला काउकोची गोष्ट सांगितली नव्हती, पण साप्ताहिकात ती थोडीफार आलीच होती. तो चष्मा पुसत म्हणाला, "बाई, पाचशे आठची नोंद झालेली आहे. कुणी तक्रार केलेली नाही. तो गरुड कुठेतरी असेलही. राहू द्या ना ती तशीच. कुणाचं काय बिघडतं?"

तो मनापासून म्हणत होता, हे तिला कळत होतं. तरीही एवढा वेळ गिळलेला सगळा तिरस्कार तिच्या तोंडून बाहेर पडला.

"डॉक्टर, तुमच्या मशिनने मला फसवलं, ते मशीन आहे. तुम्ही तर माणूस आहात. तुम्हीही बटणच दाबायला निघालात?"

त्याने मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, जरा हळू, "काउको दरवर्षी यादी बघायचा. अठरा वर्षांत एकदाही त्याने खोटा आकडा घातला नाही. घालू शकला असता. इथल्या नोंदींची पुरवणी यादीला जोडणारा तोच होता."

मग तिने कार्यालयाचा दुरुस्तीचा अर्ज काढला. जुना आकडा, नवा आकडा, तारीख, जागा. चुकीचं कारण, अशी एक चौकट होती. डॉक्टर म्हणाला, तिथे माझं नाव घाला, प्रोग्रामचंही घाला. तिने लिहिलं: नोंद करणाऱ्याने मूळ फोटो तपासला नाही. खाली सही केली आणि एकोणतिसावा फोटो जोडला, कुठेही न पुसता, न उजळता.

कार्यालयाचं उत्तर दोन ओळींचं आलं. ६०३ ही मादी, वय नऊ वर्षं, साल्लाच्या बाजूला कडं घातलेली. दुरुस्तीबद्दल आभार. साप्ताहिकाचा संपादक म्हणाला की जागा झाली तर छापू, आणि जागा काही झाली नाही. गावातली माणसं अजूनही दुकानात तिला थांबवून काउकोच्या गरुडाबद्दल चार शब्द बोलत. प्रत्येकाला ती सांगे की तो काउकोचा नव्हता. काहींना ते आवडत नसे. आपली एक छानशी गोष्ट या बाईने मोडली, असा चेहरा करून ते पुढे जात, आणि आउने त्यांच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात त्यांनाही कुठल्यातरी जातीत घाली.

डॉक्टर नाताळच्या दोन दिवस आधी ओउलूला परतला. जाताना त्याने तिच्या टेबलावर एका सर्जनचं नाव आणि फोन नंबर ठेवला. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिला होता की तो जाणूनबुजून केलेला अपमानच म्हणायला हवा. तिने तो फाडला नाही.

सर्वांत अवघड काम तिने शेवटी ठेवलं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी, सौनाची वाफेची न्हाणी तापायला घालून, तिने वेलदोड्याचे पाव फडक्यात बांधले आणि ती ताइस्तोकडे गेली. तो आवारात रेनडिअरना दगडफुलासारखं लायकेन खायला घालत होता.

"त्या फोटोत बोटं पाचच होती," ती म्हणाली.

"हं," ताइस्तो म्हणाला. त्याने फडकं घेतलं, वास घेतला. "मग तो कोण होता?"

"मादी आहे. साल्लाकडची. नऊ वर्षांची."

"बरी आहे?"

"चांगली दणकट आहे. एक नखी तुटलीय, पण खाते भरपूर."

त्याने रेनडिअरच्या पुढ्यात आणखी एक ओंजळ टाकली. ती चघळण्याचा आवाज ऐकत दोघं उभे राहिले. मग त्याने विचारलं, "आणि ते पिल्लू? पाइनवरचं?"

"गेलं असणार. त्याच आठवड्यात." तिने हे वाक्य काउकोला अठरा वर्षं ऐकवलं होतं, दरवेळी जिंकल्यासारखं. आज ते तिच्या तोंडातून कसंबसं बाहेर पडलं.

ताइस्तोने हातमोजे झटकले. "काउकोला सांगू नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि तिला आत कॉफीला ये असं खुणावून घराकडे चालू लागला. आउने क्षणभर तिथेच उभी राहिली. मग तिने डोळे पुसले, वाट दिसायला डाव्या डोळ्याने तशीही फारशी मदत केली नसती, आणि त्याच्या पावलांच्या खुणांवर पाय ठेवत ती आत गेली.